विश्लेषण : गाऊटची गोळी सुरू अन् मांड्यांत त्राणच नाही, थकवा रोवणीचा की औषधाचा?

भंडारा : धानाच्या रोवणीत कंबर आणि मांड्या भरून येणे जिल्ह्यात कुणालाही नवे नाही. दोन-चार दिवसांच्या विश्रांतीने ते दुखणे उतरते. मात्र गाऊटसाठी कोल्चिसिन घेणाऱ्याला उकिडवे बसल्यावर उठताच येत नसेल, तर त्या गोळीकडेही पाहायला हवे.

गोळी काय करते?
युरिक अॅसिडचे स्फटिक सांध्यात साचले की पायाचा अंगठा रातोरात सुजतो. कोल्चिसिन ही सूज उतरवते; युरिक अॅसिड कमी करत नाही. त्यासाठी अॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट देतात. ती सुरू करताना पुन्हा सूज येऊ नये म्हणून कोल्चिसिन काही महिने चालते.

स्नायूंना इजा कशी?
कोल्चिसिन पेशींतील सूक्ष्मनलिका तयार होऊ देत नाही. त्यामुळे सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. पण स्नायूपेशीतील टाकाऊ पदार्थांची ने-आणही याच नलिकांवरून होते. औषध शरीरात साठले की ती अडते. नेहमीच्या डोसवरही मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना असा त्रास होतो, हे अमेरिकी डॉक्टरांनी १९८७ मध्ये मांडले.

धोका कुणाला जास्त?
- मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेल्यांना. पूर्व विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये युरिक अॅसिड वाढू शकते आणि मूत्रपिंडही खराब होऊ शकते.
- क्लॅरिथ्रोमायसिन, व्हेरापामिल, डिल्टियाझेम किंवा सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांना. ही औषधे कोल्चिसिनचे रक्तातील प्रमाण वाढवतात.
- कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्यांना.

कळलावीचे काय?
पावसाळ्यात रानात, कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही कोल्चिसिन असते. सांधेदुखीवर घरगुती उपाय म्हणून तो पोटात घेणे जिवावर बेतू शकते. डायलिसिसनेही हे द्रव्य शरीरातून निघत नाही.

काय करावे?
दोन्ही मांड्या किंवा खांदे अशक्त वाटणे, जिना चढता न येणे, पायांना मुंग्या येणे, ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. जुलाब, उलट्या ही औषध जास्त झाल्याची पहिली खूण असू शकते. रक्तातील ‘सीपीके’ आणि क्रिएटिनिनच्या तपासणीतून अंदाज येतो. वेळीच औषध थांबवले, तर बहुतेकांची ताकद काही आठवड्यांत परत येते. खोकल्या-तापाचे औषध घेतानाही गाऊटची चिठ्ठी सोबत न्यावी आणि जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणत राहू नये.