जोडीची शर्यत

स्वीडन देशात समुद्रातील बेटांवर एक विलक्षण शर्यत भरते. ती २००६ साली सुरू झाली. स्पर्धक बेटावरून धावत जातात, पुढचे बेट पोहून गाठतात आणि पुन्हा धावू लागतात. ही शर्यत दोघांच्या जोडीची असते व दोघांना सबंध वाट बरोबरच राहावे लागते.

अशा शर्यतीची तयारी नांदेड-लातूरकडच्या मुलामुलींना करता येईल काय? नांदेडला गोदावरी आहे. पण लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. म्हणून पाण्याचे दिवस पाहूनच सराव करावा. उन्हाळ्यात पहाटे धावावे. पावसाळा सरून विहिरी भरल्या, पाणी निवळले, म्हणजे पाठीला सुका भोपळा बांधून पोहणे शिकावे. तेही पट्टीच्या पोहणाऱ्या वडीलधाऱ्याच्या देखरेखीखाली. पुराच्या पाण्यात कधीही उतरू नये.

परंतु खरी तयारी याहून अवघड आहे. माळावर चपळ असलेला मुलगा पाण्यात कच्चा असू शकतो, तर विहिरीत मासोळीसारखी पोहणारी मुलगी धावताना लवकर दमू शकते. वेगवानाने आपला वेग आवरण्याचा सराव करावा आणि मागे राहणाऱ्याने ‘थांब’ म्हणण्याचा संकोच सोडावा. कोणी म्हणेल, यात वेगवानाचे नुकसान होते. पण जोडीची वेळ मागून येणाऱ्यावरूनच ठरते. जो एकटाच आधी पोहोचतो, त्याला साथीदाराची वाट पाहत उभेच राहावे लागते.