वय कमी म्हणून ताकद जास्त?

आजचा विषय जरा जड आहे. पण तो आता घरोघरी शिरला आहे. कर्करोग झालेली बाई पस्तिशी-चाळिशीची असली की जो तो म्हणतो, "तरुण आहे, सोसेल सगळं." आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या धाकट्या जावेलाही हेच ऐकवत होते. वय छत्तीस, स्तनाचा कर्करोग. केमोथेरपीच्या तिसऱ्या फेरीनंतर एक जिना चढताना ती दोनदा टेकायची. पण डॉक्टरांनी "कशा आहात?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "बरी आहे." शेजारी सासूबाई बसलेल्या असताना दुसरं काय सांगणार म्हणा!

सत्तरी उलटलेल्या रुग्णासाठी एक आठ प्रश्नांची चाळणी आहे. जेवण, घटलेलं वजन, चालणं-फिरणं, औषधं किती, असं विचारतात. सतरापैकी चौदा किंवा कमी गुण पडले की शरीराची सविस्तर तपासणी करावी, असा संकेत. तरुण रुग्णाला मात्र हे सहसा कोणी विचारत नाही.

का विचारावं, ते ऐका. अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाने लहानपणी कर्करोग होऊन बरे झालेल्यांची पाहणी केली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. मंडळी सरासरी तेहतीस वर्षांची. स्नायू कमी, सततचा थकवा, हालचाल कमी, चाल मंद, हातात जोर नाही, या पाचांपैकी तीन गोष्टी ज्यांच्यात आढळल्या, असे पुरुष शेकडा २.७ आणि बायका शेकडा १३.१! इतका दुबळेपणा एरवी पासष्टीपुढे दिसतो.

आपल्याकडे स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच गाठतो. त्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न बायकांना रक्तक्षय होता. म्हणजे अंगातली गंगाजळी मुळातच बेताची.

मग घरी काय बघायचं? हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का? बरणीचं झाकण उघडतं का? पोळ्या लाटता लाटता मध्येच बसावं लागतं का? दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवा. ही काही परीक्षा नव्हे, आणि यावरून औषध थांबवायचं किंवा कमी करायचं हे आपण मुळीच ठरवायचं नाही. पण हे कळलं तर डॉक्टर रक्त तपासतील, आहारतज्ज्ञाकडे धाडतील, बेताचा व्यायाम सुचवतील, गरज पडली तर औषधाचं प्रमाणही बदलतील.

डॉक्टरांकडे जाताना तो कॅलेंडरचा कागद आणि सगळ्या गोळ्या पिशवीत घाला. शेजारणीने दिलेल्या काढ्याची बाटलीसुद्धा. आणि जमल्यास पाच मिनिटं तिला एकटीला डॉक्टरांशी बोलू द्या.