पेटी आधी, आवाज मग

आपली अनेक मुले कर्ज काढून डीजेचा धंदा करतात. पण महागडे सामान टेम्पोत गोधडीत गुंडाळून टाकतात. खड्ड्यांत सोल्डर सुटते, ऐन जयंतीत आवाज बंद पडतो. हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून आम्ही सांगतो, बाबांनो, पेटी आधी घ्या.

रॅकची रुंदी १९ इंच ठरलेली असते. उंचीचे एक युनिट म्हणजे पावणेदोन इंच. ॲम्प्लिफायरच्या पेटीला पुढून-मागून झाकणे हवीत. वाजवताना दोन्ही काढा, नाहीतर तो तापतो. मिक्सरखाली फोम हवा. सगळे एकाच पेटीत कोंबू नका. दोघांना चाळीच्या जिन्यावरून नेता येईल, एवढेच वजन ठेवा. मशीन दुरुस्त होते, मोडलेली कंबर होत नाही.