गाणे आपले, गल्ला कुणाचा?



कॉलेजात जाणारी आपली मुले हल्ली 'इंडी' हा शब्द वापरतात. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. सिनेमाच्या किंवा बड्या कंपनीच्या दावणीला न बांधलेले गाणे. शब्द इंग्लंडातून आला. १९७७ साली मँचेस्टर या गिरण्यांच्या शहरातल्या बझकॉक्स नावाच्या चार पोरांनी पाचशे पौंड उसने घेऊन स्वतःच तबकडी काढली आणि कंपनीची पायरी न चढताही गाणे विकता येते हे दाखवून दिले. पुढे बरीच वर्षे तिकडे असल्या गाण्याचा दबदबा होता. आता पुन्हा बड्या कंपन्यांचे पॉप गाणेच वर आहे, आणि स्वतंत्र गाणारे म्हणतात, आम्हाला कोणी विचारीत नाही.

मुले हे सांगतात तेव्हा मला हसू येते. मँचेस्टरच्या पोरांआधी चाळीसेक वर्षे आपल्या माणसांनी हेच केले होते. सत्यशोधक जलशांची वाट पुढे नेत १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव हिंडले. तमाशाचा साचा घेतला आणि त्यात माणुसकीचा विचार भरला. पाठीशी कंपनी नव्हती. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसाला चळवळ कळली ती या गाण्यातून.

पुढे गायन पार्ट्यांचा काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. चाळीच्या मैदानात मंडप, पेटी, ढोलकी, मागे कोरस, आणि दोन पार्ट्यांचा सामना रात्रभर. एकाने सवाल टाकावा, दुसऱ्याने उभ्या उभ्या जबाब बांधावा. खूश झालेला गिरणी कामगार खिशातली पाच रुपयांची नोट पुढे करी आणि गायक त्याचे नाव माईकवर घेई. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक याच जगातले. हजारो गाणी त्यांनी लिहिली. प्रल्हाद शिंद्यांचा आवाजही याच जगात घुमला. हे दोघेही २००४ साली गेले. त्या वर्षी आपल्या वस्त्या खऱ्या अर्थाने पोरक्या झाल्या असे मला वाटते.

कॅसेट आली तेव्हा भले झाले हे मान्य केले पाहिजे. १९८०नंतर कॅसेट स्वस्त झाली, एचएमव्हीची मक्तेदारी मोडली आणि आपले गाणे घराघरांत वाजू लागले. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग लागत. पण व्यवहाराची रीत तेव्हाच बदलली. गायन पार्टीत लोकांचा पैसा थेट गाणाऱ्याच्या हातात पडे. कॅसेटमध्ये पुष्कळदा कवीला एकदाच ठरावीक रक्कम, आणि मग कॅसेट किती खपली हे त्याने विचारायचे नाही. (सिनेमाबाहेरच्या शहरी गाण्यालाही थोडे दिवस बरे आले होते. अलिशा चिनॉय यांचे १९९५चे गाणे आठवत असेल. मग सिनेमाने तेही गिळले.)

आता मोबाइलचा काळ. गाणे फुकट ऐकायला मिळते, मग तक्रार कसली, असे घरातली मुले विचारतील. मी बी. कॉम. झालेला माणूस, हिशेब मांडून दाखवतो. स्पॉटिफायसारख्या कंपन्या पैसा एका सामायिक गल्ल्यात टाकतात आणि एकूण ऐकणीच्या प्रमाणात वाटतात. समजा गल्ल्यात एक लाख रुपये आहेत आणि सगळी गाणी मिळून दहा लाख वेळा वाजली. म्हणजे एका वेळेला दहा पैसे. आपल्या शाहिराचे गाणे पाचशे वेळा वाजले, तर त्याचे पन्नास रुपये झाले. पण स्पॉटिफायने २०२४पासून नियम केला आहे की बारा महिन्यांत हजारदा न वाजलेल्या गाण्याला काहीच द्यायचे नाही. ते पन्नासही गेले, आणि गेले कुठे, तर ज्यांची गाणी कोटींनी वाजतात त्यांच्याकडे. तुम्ही महिनाभर भीमगीतांशिवाय काहीही ऐकले नाही, तरी तुमच्या पैशाचा मोठा वाटा त्या पॉप गाण्यालाच जातो.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. तिथे गाणे तीस सेकंद वाजले की एक ऐकणी धरतात. म्हणून हल्लीच्या गाण्यात जे काही आहे ते सुरुवातीलाच ओतलेले असते. शाहिराचे गाणे उलट्या बांधणीचे. ते हळू चढते आणि त्याचा खरा घाव शेवटच्या कडव्यात असतो. त्याच कडव्यात कवीचे नाव गुंफलेले असते, 'वामन' हे नाव आपण तिथेच ऐकले. डी.जे.वाला मुखडा वाजवतो, एखादे कडवे वाजवतो आणि पुढच्या गाण्यावर उडी मारतो. शेवटचे कडवे वाजतच नाही. ज्याला कोणी छापील श्रेय दिले नाही, त्याने स्वतःची सही गाण्यात करून ठेवली होती. ती सहीच कापली जाते.

डी.जे.पुढे नाचणाऱ्या पोरांना शिव्या घालण्याचे काम मी करणार नाही. ज्यांच्या आज्यांना गावच्या रस्त्यावरून वाजतगाजत जायची मुभा नव्हती, त्यांची नातवंडे १४ एप्रिलला रस्ताभर नाचली तर तो आनंद मला समजतो. कानाचे पडदे आणि शेजारचे आजारी म्हातारे यांचा विचार करावा, एवढेच. माझे भांडण जमाखर्चाशी आहे. जयंतीच्या वर्गणीतला मोठा आकडा भिंतीएवढ्या स्पीकरांच्या भाड्याला, आणि त्यांच्यातून ज्याचे शब्द बाहेर पडतात त्या कवीच्या नावे पावतीपुस्तकात ओळसुद्धा नाही.

आणि वेळ येते तेव्हा गाणे कोण लिहिते? ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात दहा माणसे मेली. त्या दुःखात चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. असले दुःख अंगावर घेणारे गाणे कंपनीच्या खोलीत तयार होत नाही. ते संभाजी भगतांसारखा माणूस रस्त्यावर उभा राहून गातो.

लोकप्रिय झाले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. तामिळनाडूतील आंबेडकरी गायक अरिवू यांच्या आजीच्या चहामळ्यातल्या आठवणींतून २०२१ साली एक स्वतंत्र गाणे जन्मले आणि जगभर गाजले. कोट्यवधी लोकांनी ते पाहिले. २०२४ साली त्याचे संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीर सांगितले की आम्हा तिघा कलावंतांना त्यातून एक पैसाही मिळालेला नाही.

म्हणून ज्यांच्या घरात कोणी गाणी लिहिते त्यांनी कायदा माहीत करून घ्यावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी कागद आणि त्यावर सही लागते. तोंडी 'दिले' म्हटल्याने हक्क जात नाही. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाचच वर्षांची धरतात. २०१२च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रित गाण्याच्या मानधनात गीतकार आणि संगीतकार यांचा वाटा राखलेला आहे. वडिलांच्या ट्रंकेत वह्या असतील तर रद्दीत घालू नका. जुने करारपत्र असेल तर एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवा. कवीच्या मृत्यूनंतर पुढची साठ वर्षे हा हक्क टिकतो. वामनदादांच्या गाण्यांच्या बाबतीत हिशेब केला तर ती मुदत ३१ डिसेंबर २०६४ला संपते.