खेळ हवा, घरगुती बंदूक नको

सुट्टीतील शिबिरे आणि सहली यांच्या कार्यक्रमात ‘पेंटबॉल’ हा पाहुणा खेळ आता आपल्याकडेही डोकावू लागला आहे. दाबाखालील वायूवर चालणाऱ्या बंदुकीतून रंगाच्या गोळ्या झाडायच्या आणि ज्याला रंग लागला तो बाद, असा हा खेळ. त्याचे मैदान आणि साहित्य भाड्याने घेणे मध्यमवर्गीय कुटुंबाला सहज परवडत नाही. मग हे साहित्य घरीच का बनवू नये, असे मुले विचारतात. विकतच्या वस्तूंवर विसंबण्यापेक्षा स्वतःच्या हातांनी काही घडवावे, ही वृत्ती स्वागतार्हच आहे. प्रश्न आहे तो काय घडवावे आणि काय घडवू नये, या विवेकाचा.

या खेळाचा जन्म १९८१ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावाजवळच्या रानात झाला. झाडांवर व गुरांवर दुरून रंगाची खूण करण्यासाठी बनविलेली बंदूक बारा खेळाडूंनी हाती घेतली. त्या पहिल्या सामन्यात रिची व्हाइट नावाचा वनकर्मी विजयी झाला, तो एकही गोळी न झाडता. रानाची जाण, दबकी पावले आणि धीर यांच्या बळावर त्याने सारी निशाणे गोळा केली. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाच्या मोठ्या फौजेची कोंडी करणाऱ्या शिवरायांचा वारसा सांगणाऱ्या समाजाला यात नवल वाटू नये. भूमी ज्याला कळते, तो अर्धी लढाई आधीच जिंकलेला असतो.

म्हणजे या खेळाचा प्राण बंदुकीत नाहीच. जोखीम मात्र सारी तिथेच आहे. प्रचलित मर्यादेनुसार रंगगोळीचा वेग सेकंदाला ३०० फूट, म्हणजे ताशी सुमारे सव्वातीनशे किलोमीटरपर्यंत असतो. इतक्या वेगाची गोळी डोळ्यावर बसली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. साधा चष्मा किंवा घरी जुळविलेला मुखवटा हा आघात झेलण्यासाठी नसतो. नळकामाच्या पीव्हीसी पाइपात वायूचा दाब भरला, तर तो फुटून त्याचे धारदार तुकडे उडतात, हा धोका वेगळाच.

ही भीती काल्पनिक नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात भोपाळ, विदिशा आदी ठिकाणी प्लॅस्टिकच्या पाइपापासून बनविलेल्या ‘कार्बाइड गन’ने शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा केली. त्यांत बहुतेक मुलेच होती आणि काहींची दृष्टी गेली. शासनाने बंदीही घातली, पण तेवढ्याने ती दिवाळी काळवंडायची टळली नाही. स्वस्त आणि घरगुती म्हणून घेतलेल्या खेळण्याचे मोल त्या घरांनी कशाने चुकविले, हे प्रत्येक पालकाने ध्यानी घ्यावे.

मग मुलांचा उत्साह दडपायचा का? मुळीच नाही. दिवाळीत दगड, माती आणि गोणपाट यांतून किल्ले उभारणारे हात आडोसेही उभारू शकतात. वाळूची पोती, जुने टायर, बांबू आणि तरट पुरेसे आहेत. निशाणे घरी शिवावीत, मैदानाचा नकाशा मुलांनीच आखावा. गोळीऐवजी चिंध्यांचा मऊ चेंडू पळसफुलांच्या रंगात बुडवून हाताने फेकावा, तोही मानेखालीच. रंगगोळीचे कवच बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. शाकाहारी कुटुंबांचा तो संकोचही यामुळे टळेल. खरी बंदूक वापरायचीच असेल, तर ती मान्यताप्राप्त मुखवट्यासह, जाणकारांच्या देखरेखीखाली आणि मैदानावरच वापरावी.

शाखेच्या मैदानावर साधनांवाचूनही खेळ रंगतात, हा आपला नित्याचा अनुभव आहे. साहसाला आपला विरोध कधीच नव्हता. उद्याच्या तरुणाकडून राष्ट्राला निधडी छाती हवी आहे, तशीच निकोप नजरही हवी आहे. ती सांभाळण्याचे दायित्व आज घरातील वडीलधाऱ्यांचे आणि शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्यांचे आहे.