पदवी इतिहासाची, पाटी कोरी

मी इतिहासाचा एम.ए., प्रथम श्रेणी. दुसऱ्या महायुद्धाची कारणं आजही घडाघडा म्हणेन. पण मणिपूरच्या पोस्टिंगवर सांगशाकच्या टेकडीवर साताऱ्याच्या एका जवानाने विचारलं, "साहेब, इथं आपली माणसं लढली म्हणतात, खरं का?" मला सांगता येईना. मार्च १९४४ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनने पॅराशूट ब्रिगेडसोबत, प्यायला धड पाणी नसताना, इथे जपान्यांना अडवलं. कोहिमाला तयारीला वेळ मिळाला तो त्यामुळे. हे नंतर वाचलं, तेही युनिटच्या लायब्ररीत.

फौज इंग्रजांची होती, असं प्राध्यापक म्हणतील. मग पोलंड तरी अभ्यासक्रमात कशाला? त्या पोरांची पत्रं गावाकडे ट्रंकेत पडून असतील. विद्यार्थ्यांच्या हातातलं गाइड काढून घ्या आणि तिकडे पाठवा त्यांना, वाळवी लागायच्या आत.