ऑपरेशन नेहमी बाईचंच का?

मुंबई उपनगरातल्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९ ते २१ या काळात पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी केली. देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले आढळले. पुरुष नसबंदी मात्र अवघी ०.३ टक्के. आपल्या महाराष्ट्रात तर स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे.

पूर्वी असे नव्हते. १९६० च्या दशकात डॉ. डी. एन. पै यांच्या पुढाकाराने मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर पुरुष नसबंदीची केंद्रे चालत. पुढे १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत सक्ती झाली. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले; ते अमलात आले नाही, पण पुरुषांनी धसका घेतला. सरकारी कार्यक्रम बायकांकडे वळला.

सून गावात शेतावर राबणारी असो की घाटकोपर-मुलुंडला खोली घेऊन राहणारी, दोन लेकरं झाली की घरचे म्हणतात, 'आता उरकून घे.' दोन्ही मुलीच असतील तर म्हणतात, 'थांब जरा.' तिला काय हवंय, हे कुणी विचारत नाही. आणि मुलाला 'तू करून घे' असंही कुणी म्हणत नाही.

नसबंदी म्हटलं की आपल्या शेतकऱ्याला खच्ची केलेला बैल आठवतो. ही तुलना साफ चुकीची आहे. बैल खच्ची करताना अंडाचं कामच बंद पाडतात. नसबंदीत अंडाला हात लावत नाहीत. शुक्रजंतू नेणारी नळी तेवढी कापून बांधतात. ताकद आणि पुरुषत्व होतं तसंच राहतं. बिनटाक्याच्या पद्धतीत माणूस त्याच दिवशी घरी येतो. आठवडाभर जड काम टाळायचं. पहिले तीन महिने मात्र दुसरं साधन वापरावं आणि मग वीर्यतपासणी करून घ्यावी. बाईच्या ऑपरेशनला पोटातून जावं लागतं, विश्रांतीही जास्त लागते.

दोन्ही ऑपरेशनं कायमची आहेत, हे ध्यानात ठेवा. मूल पुढे हवं असेल तर निरोध, तांबी, गोळ्या, तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन ही साधनं सरकारी दवाखान्यात मिळतात. आणि १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही.

सुगी आटोपली की नवरा-बायको दोघांनी आरोग्य केंद्रात जावं. मूल कधी, किती, साधन कोणतं, हे आधी तिला बोलू द्यावं. आणि मुलं पुरे असं ठरलं, तर पुरुष मंडळींनी चौकशी स्वतःच्या नसबंदीपासून सुरू करावी.